जुन्या लग्नाच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत : मिती, नावे आणि नाती कशी तपासायची

पत्रिकेत एक वर्ष, तीर्थोपाध्यायांच्या वहीत दुसरे आणि फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, बाईचे नाव तिसरेच. वंशावळ मांडायला बसलेल्या बहुतेकांची गाडी इथे अडते आणि मग घाईने निकाल दिला जातो की लिहिणाराच चुकला. लिहिणारे चुकत होतेच. पण त्यांच्या लिहिण्यातल्या चुकांपेक्षा आपल्या वाचण्यातल्या चुका जास्त निघतात. लिहिणारा कोणत्या पंचांगाने, कोणत्या घड्याळाने आणि कोणत्या शब्दांनी लिहीत होता हे कळेपर्यंत एकही अक्षर ‘दुरुस्त’ करू नका.

आणखी एक गोष्ट आधीच मान्य करावी. हिंदू घरांतल्या जुन्या लग्नांची सरकारी नोंद बहुधा नसतेच. मुंबई विवाह नोंदणी कायदा १९५३ चा, तोही ठरावीक भागांपुरता; आज ज्या कायद्याखाली प्रमाणपत्र मिळते तो १९९८ चा. त्यामुळे ‘पणजोबांच्या लग्नाचा दाखला काढून द्या’ असा अर्ज करून हाती काही लागत नाही. लागतात ते आडवाटेचे कागद : लग्नपत्रिका, देण्याघेण्याची याद, आहेराची वही, नाशिक-त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या उपाध्यायांच्या नामावळ्या, महालयाची यादी, जमिनीचे फेरफार, गाव नमुना १४ मधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचा निर्गम उतारा आणि छापील कुलवृत्तांत. यांतला एकही कागद ‘लग्न कधी झाले’ हे सांगण्यासाठी लिहिलेला नाही, अपवाद पत्रिकेचा. ती मात्र लग्नाच्या आधी छापलेली असते, म्हणजे ठरलेला दिवस सांगते, झालेला नव्हे.

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात मूळ मजकूर जसाच्या तसा, ऱ्हस्वदीर्घासकट, संक्षेपासकट. दुसऱ्यात संक्षेप सोडवून. तिसऱ्यात तुमचा अर्थ, आणि तो पेन्सिलीने. पहिला रकाना गाळून थेट अर्थ लिहिणाऱ्यांना दोन वर्षांनी मूळ कागद पुन्हा शोधावा लागतो.

मिती आणि तारीख एक वर्षाने चुकते

हा सर्वांत नेहमीचा घोळ. शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असते. अर्धेच पाठ असते. शक पाडव्याला बदलतो, इसवी सन १ जानेवारीला. पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. आणि लग्नसराईचे माघ-फाल्गुन नेमके या दुसऱ्या तुकड्यात येतात.

पत्रिकेत ‘शके १८५१ माघ वद्य ५’ असेल, तर ७८ मिळवणारा १९२९ लिहून मोकळा होतो. खरे वर्ष १९३०, महिना फेब्रुवारी. एका वर्षाने काय बिघडते असे वाटेल, पण वधूचे वय, थोरल्या मुलाचा जन्म आणि पुढे येणारा बालविवाहाविरुद्धचा सारडा कायदा, तिन्ही हिशेब या एका वर्षावर लटकलेले असतात.

आता महिन्याचा संक्षेप. ‘मा.’ म्हणजे माघ की मार्गशीर्ष? मार्गशीर्ष बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, तिथे ७८, माघाला ७९. ‘आ.’ म्हणजे आषाढ की आश्विन, हाही तसलाच प्रश्न. त्याच हाताने लिहिलेल्या दुसऱ्या नोंदी पाहा. एकच माणूस सहसा ‘मार्ग.’ आणि ‘मा.’ असा फरक पाळतो. महिन्याआधी ‘नि.’ दिसला तर तो निज, ‘अ.’ दिसला तर अधिक. त्या वर्षी तो महिना दोनदा आला होता. अधिकात लग्न लावत नाहीत, म्हणून ‘ज्येष्ठ’ एवढेच लिहिले असले तरी निज ज्येष्ठ धरून पंचांग उघडावे.

वर्षाचा आकडा शंकास्पद असेल तर संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे, नाव हा उत्तम साक्षीदार. जुन्या हस्ताक्षरांत १ आणि ९ यांचा गोंधळ सर्रास होतो. १८५१ आणि १८५९ मध्ये फरक शेपटीच्या एका वळणाचा. शकात १२ मिळवा, बेरजेला ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. १८५१ अधिक १२ म्हणजे १८६३, बाकी ३, तिसरा संवत्सर शुक्ल. १८५९ ला बाकी ११, म्हणजे ईश्वर. पत्रिकेत ‘शुक्लनाम संवत्सरे’ असेल तर वाद मिटला. हे गणित आपल्याकडच्या, म्हणजे नर्मदेच्या दक्षिणेकडच्या गणनेचे आहे. इंदूर-ग्वाल्हेर-काशीकडच्या मराठी घरांच्या कागदांत उत्तरेकडचा संवत्सर असू शकतो आणि तो वेगळा निघतो.

त्या घरांच्या कागदांत दुसरा खड्डा पंधरवड्याचा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच. वद्यात मात्र आपला माघ वद्य म्हणजे त्यांचा फाल्गुन कृष्ण. काशीच्या वहीतली मिती आणि पुण्याच्या पत्रिकेतली मिती बरोबर एका महिन्याने वेगळी असेल आणि पक्ष वद्य असेल, तर दोन्ही बरोबर आहेत.

गुजरातेत स्थायिक झालेल्या कुटुंबांत विक्रम संवत येतो. तो तिकडे कार्तिकात बदलतो, म्हणून कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा आणि पुढे जानेवारीपासून ५६ वजा.

मराठवाड्यात आणि वसुलीशी संबंध असलेल्या कुठल्याही कागदात फसली सन, म्हणजे वसुलीचे वर्ष, भेटतो. तोही दोन प्रकारचा, आणि हे न कळल्याने पुष्कळ नोंदी बिघडतात. देशावरचा फसली मृगाच्या सुमारास, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. निजाम राज्यातला सुरू होतो ऑक्टोबरच्या आरंभी, १ आजूरला. दोन्हींत वर्षाच्या आरंभापासून डिसेंबरपर्यंत ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ५९१. कागदात बहमन, खुर्दाद, अमर्दाद, शहरेवर, आबान असली महिन्यांची नावे दिसली की तो निजामी फसली. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासूनचे वर्ष. हे महिने पाहून ‘आपल्या घरी इराणी महिने कसे’ म्हणून कुळाचे मूळ इराणात नेऊन ठेवणारेही आहेत. तसे काही नाही, सरकारी कचेरीची ती रीत होती.

सगळे झाल्यावर वाराने पडताळा घ्या. इथेही एक सापळा आहे : जुन्या पत्रिकांत वार संस्कृतात असतात. इंदुवासर सोमवार, भौमवासर मंगळवार, सौम्यवासर बुधवार, भृगुवासर शुक्रवार, मंदवासर शनिवार, भानुवासर रविवार. सौम्यवासराला सोमवार समजणे ही इतकी पसरलेली चूक आहे की छापील कुलवृत्तांतांतल्या तारखाही त्या नजरेने तपासाव्यात. काढलेली तारीख आणि दिलेला वार एकाने चुकत असेल तर काळजीचे कारण नाही; तिथीची क्षयवृद्धी असेल, पंचांगाचा फरक असेल, नाहीतर मध्यरात्रीनंतरचा मुहूर्त असेल. आपला दिवस सूर्योदयाला उजाडतो, इंग्रजी तारीख रात्री बाराला बदलते. फरक दोन-तीन वारांचा असेल तर वर्ष, महिना किंवा पक्ष यांतले काहीतरी चुकलेच आहे, परत मागे जा.

लग्नाची मिती चातुर्मासात, म्हणजे आषाढ शुद्ध ११ ते कार्तिक शुद्ध ११ यांच्यामध्ये किंवा पौषात पडत असेल तरी थांबा. तेव्हा सहसा लग्ने होत नसत. अशी मिती बहुधा नकलेची, नोंद घातल्याची किंवा यात्रेला गेल्याची असते. नाहीतर तो पाट असतो, त्याबद्दल पुढे.

मुहूर्ताची वेळ पटत नाही

‘सूर्योदयात् गत घटी २७ पळे ३०’. एक घटका २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचे. साडेसत्तावीस घटका म्हणजे ६६० मिनिटे, अकरा तास. फेब्रुवारीत पुण्याला सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे मुहूर्त संध्याकाळी सहाचा, गोरज. एवढे गणित केले की त्याच लग्नाच्या दुसऱ्या पत्रिकेत छापलेले ‘सायं. ५ वा. २१ मि.’ का, हेही उलगडते. तिथे शेजारी बारीक अक्षरांत ‘मुं. टा.’ असते. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १९०६ पासून सुरू झाली तरी मुंबई शहराने आपली जुनी मुंबई टाइम १९५५ पर्यंत सोडली नाही, आणि ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. मुलाकडची पत्रिका गिरगावात छापलेली, मुलीकडची पुण्यात. मुहूर्त एकच, आकडे दोन. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात घड्याळे एक तास पुढे होती, तेव्हाच्या पत्रिकांत ‘नवी वेळ’, ‘जुनी वेळ’ असे शब्द येतात. जन्मवेळेवरून कुंडल्या जुळवून पाहणाऱ्यांनी हे फार जपावे.

‘कोम’ म्हणजे जात नव्हे

फेरफारात किंवा जुन्या खतात ‘सखूबाई कोम गणू’ असे दिसते. कोम म्हणजे कौम, कौम म्हणजे जमात, असे समजून मग ‘गणू’ नावाची जमात शोधली जाते. कोम म्हणजे ‘ची बायको’. त्याच अर्थाने ‘भ्रतार’ किंवा नुसते ‘भ्र.’ आणि ‘मर्द’ येतात. ‘लक्ष्मीबाई मर्द रामा’ म्हणजे रामाची बायको लक्ष्मी. वऱ्हाड-नागपुराकडे ‘जौजे’ येते, आणि नवरा वारलेला असेल तर ‘बेवा’. पुरुषांच्या नावांमधले ‘बिन’ आणि ‘वलद’ दोन्ही ‘चा मुलगा’ सांगतात. ‘वलद’ दिसले म्हणून कुटुंब मुसलमान होते असे होत नाही. तो दफ्तराचा शब्द होता, सगळ्यांना लागे. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीनांचा सांभाळ करणारा. ‘दोन मुले अ. पा. क. आई’ अशी वारसनोंद मिळाली की बाप कधी गेला, मुले किती लहान होती आणि आईचे सासरचे नाव काय, तिन्ही गोष्टी एका ओळीत मिळतात.

पत्रिकेतले संक्षेप तितकेच बोलके. कै. आणि वै. म्हणजे दिवंगत. गं. भा. म्हणजे विधवा. रा. रा. म्हणजे राजमान्य राजेश्री, हा नुसता मान. त्यावरून घराण्याला राजाची सनद होती असे समजू नये. निमंत्रण काकांच्या नावाने असेल तर वडील हयात नसतील, पण कधीकधी ते फक्त घरातले थोरले म्हणूनही असते. ‘द्वितीय चिरंजीव’ म्हणजे दुसरा मुलगा, ‘द्वितीय संबंध’ म्हणजे दुसरे लग्न; या दोहोंची अदलाबदल फार होते. आणि शंभर वर्षांपूर्वीच्या पत्रिकेत ‘चि. अमुक याचा शरीरसंबंध अमक्यांच्या कन्येशी करण्याचे योजिले आहे’ असे वाचून दचकू नका. विवाहाला तेव्हा तो छापील आणि अत्यंत प्रतिष्ठित शब्द होता.

एकाच बाईची दोन नावे, किंवा दोन बायांचे एकच

माहेरचे नाव, तांदळात लिहिलेले सासरचे नाव आणि घरात हाक मारायचे नाव मिळून एका बाईची तीन नावे सहज होतात. सासरचे नाव पुष्कळदा नवऱ्याच्या नावावरून ठरे : नारायणाची लक्ष्मी, शंकराची पार्वती. त्यामुळे त्या घराण्यात दर दुसऱ्या पिढीला नातवाला आजोबाचे नाव आले की सुनेलाही आजेसासूचे नाव येते. रामचंद्र गणेश, गणेश रामचंद्र, पुन्हा रामचंद्र गणेश. इथे दोन पिढ्या एकीत मिसळतात आणि एक पिढी चोरीला जाते. संशय आला तर थोरल्या मुलांच्या जन्मवर्षांतले अंतर पाहा. बापलेकांत चाळीस-पन्नास वर्षांचा खड्डा अशक्य नसतो, विशेषतः बिजवराच्या घरात, पण तो दिसला की मधली पिढी गळली का हे आधी तपासायचे.

पहिली बायको वारल्यावर आलेल्या दुसरीलाही तेच सासरचे नाव असू शकते. मग ‘लक्ष्मीबाई’ला १८ वर्षांच्या अंतराने मुले होताना दिसतात, आणि मधेच तिचे श्राद्धही. यावर उपाय महालयाच्या यादीत आहे. पक्षपंधरवड्यात गुरुजी ज्या यादीवरून नावे घेतात तीत आई आणि सापत्नमाता वेगवेगळ्या असतात. शिवाय आईचे वडील, आजोबा, पणजोबा त्यांच्या गोत्रासह येतात, म्हणजे माहेरच्या तीन पिढ्या आयत्या. घरात अविधवा नवमी कोणाची करतात तेही विचारा. ती नवरा हयात असताना गेलेल्या बाईची. ही यादी बहुधा एखाद्या जुन्या पंचांगात किंवा देवघराच्या फळीवर घडी घालून ठेवलेली असते आणि ‘वंशावळीचे काही आहे का’ असे विचारले तर कोणी काढून देत नाही, कारण कोणाला ती वंशावळ वाटतच नाही.

तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत मुलीचा शोध माहेरच्या पानावर घेऊन भागत नाही. यात्रेला ती सासरच्यांबरोबर आलेली, म्हणून तिची नोंद सासरच्या आडनावाच्या आणि गावाच्या वहीत. वह्या मूळ गावावरून लावलेल्या असतात. आजचा पत्ता सांगितला तर गुरुजींना पान सापडत नाही, चार-पाच पिढ्यांमागचे गाव सांगावे लागते. आणि नोंदीची मिती ही यात्रेची मिती. ‘सहकुटुंब’ आले म्हणजे लग्न त्याआधी झाले, इतकेच तिच्यावरून ठरते.

मोडीतल्या नोंदींत सामान्यतः इकार आणि उकार एकेकच असतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. ‘सिताबाई’ आणि ‘सीताबाई’ या दोन बहिणी करू नका. वाचन दोन जाणकारांकडून, एकमेकांना न दाखवता करून घ्या. जिथे दोघांचे जमत नाही तेवढ्याच जागा तिसऱ्याला दाखवा.

गोत्राचा खुलासा थोडक्यात : नवरानवरीचे गोत्र एकच दिसले तर तीन शक्यता पाहाव्यात. वर दत्तक असेल आणि नोंदीत कुठे जनक घराचे, कुठे दत्तक घराचे गोत्र आले असेल. गोत्र माहीत नसल्याने गुरुजींनी रीतीप्रमाणे ‘काश्यप’ लिहिले असेल. किंवा लग्न १९४६ नंतरचे असेल. त्या वर्षीच्या कायद्याने सगोत्र विवाह वैध ठरला. ज्या समाजांत गोत्रापेक्षा देवक पाहतात तिथे गोत्राच्या रकान्यावर वेळ घालवूच नये. देवक कोणते बसवले ते विचारा.

लग्नाच्या दोन तारखा, दोन्ही खऱ्या

याद म्हणजे देण्याघेण्याचा करार, साखरपुड्याच्या सुमारास लिहिलेला, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा. तिच्यावरची मिती लग्नाची नव्हे. एकाच बैठकीत याद होऊन तिथेच अक्षता पडल्या तर ती ‘यादी पे शादी’, तेवढ्यापुरती मिती एक. दुसरे टोक गर्भाधानाचे. मुलगी लहान असताना लग्न, न्हाण आल्यावर गर्भाधान आणि मग सासरी कायमचे येणे. मधे तीन-चार वर्षे सहज जात. घरात ‘आजी अमक्या साली आली’ असे सांगतात तेव्हा ते पुष्कळदा या दुसऱ्या सालाबद्दल असते. जमाखर्चाच्या वहीत दोन्ही खर्च वेगळ्या मथळ्याखाली सापडतात.

वयाच्या बाबतीत ‘दहावे लागले’ आणि ‘दहा पूर्ण’ यांत एका वर्षाचा फरक आहेच. पण १ एप्रिल १९३० नंतरची वये निराळ्या कारणाने संशयास्पद असतात. त्या दिवशी सारडा कायदा, लोकांच्या तोंडचा शारदा कायदा, अमलात आला : मुलगी १४, मुलगा १८. शके १८५१ चा फाल्गुन संपला तोच मुळी मार्च १९३० च्या शेवटी, त्यामुळे आधीच्या दोन-तीन महिन्यांत घाईने उरकलेली बालविवाहांची लाट नोंदींत दिसते. एकाच मांडवात तीन बहिणींची लग्ने, त्यांतली धाकटी पाच-सहा वर्षांची, असे काही या काळात आढळले तर ती वाचनातली चूक समजू नका. उलट १९३० नंतर वधूचे वय नेमके १४ आणि वराचे नेमके १८ लिहिलेले असेल, तर शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहिल्याशिवाय धरू नका. कायदा मोडून झालेले लग्न रद्द होत नसे, शिक्षा होई. म्हणून वय वाढवून सांगायला कारण होते. कायदा ब्रिटिश हद्दीपुरता होता. वधूवरांचे गाव एकीकडे आणि लग्न शेजारच्या संस्थानातल्या गावी, असे दिसले तर कारण देवस्थान की कायदा, दोन्ही शक्यता लिहून ठेवा.

‘आम्ही हिंदू नाही’ असे पणजोबांनी लिहून दिले?

१८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करायचे तर वधूवरांना प्रतिज्ञेवर सांगावे लागे की आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही. आंतरजातीय लग्नाला दुसरा सोपा कायदेशीर मार्ग नव्हता, म्हणून नित्य पूजा करणाऱ्या घरांतल्या सुधारकांच्याही सह्या त्या कागदावर सापडतात. तो धर्मांतराचा पुरावा नाही. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपला धर्म न नाकारता लग्न करता येऊ लागले, पण त्याची किंमत अशी की तो माणूस एकत्र कुटुंबातून विभक्त धरला जाई. त्यानंतरच्या वारसनोंदींत एकाच भावाचे नाव अचानक गायब झाले असेल तर भांडण गृहीत धरण्यापूर्वी त्याचे लग्न कोणत्या कायद्याने झाले ते पाहा.

नोंदीत भटजी, गोत्र, मुहूर्त काहीच नाही आणि लग्न १८७३ नंतरचे, तर सत्यशोधक पद्धतीचा विवाह असू शकतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नावे, धर्माचा रकाना आणि विधी तिन्ही बदलले, त्यामुळे सख्ख्या भावांच्या लग्नाच्या कागदांत वेगळे धर्म दिसणे स्वाभाविक आहे.

पाट, आणि तो कुठे सापडतो

विधवेचा किंवा काडीमोड झालेल्या बाईचा पुनर्विवाह, म्हणजे पाट, कुठे मोहतर, कुठे गंधर्व. पत्रिका नसते, वाजंत्री नसते, विधी रात्रीचा आणि बहुधा वद्य पक्षातला. मग एकच बाई आधी ‘कोम गणू’ आणि दहा वर्षांनी ‘कोम धोंडी’ दिसते आणि तिच्या दोन बाया केल्या जातात. वारसाच्या तक्रारींत ‘लग्नाची बायको’ आणि ‘पाटाची बायको’ असे स्पष्ट लिहिलेले असते, तेव्हा ते शब्द गाळून नक्कल करू नका.

पाटाचे साल काढायचे असेल तर पहिल्या नवऱ्याच्या जमिनीकडे जा. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याप्रमाणे पुनर्विवाह केलेल्या विधवेचा आधीच्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपे. म्हणून दिराने किंवा पुतण्याने अर्ज केलेला असतो आणि ‘सदर बाईने पाट लावला, सबब नाव कमी’ अशा अर्थाची नोंद फेरफारात पडलेली असते. हक्कनोंदीचे दफ्तर मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यापासूनचे, त्यामुळे विसाव्या शतकातले पाट सापडण्याची आशा बरीच. फेरफाराची तारीख मात्र पाटाच्या नंतरची, कधी वर्ष-दोन वर्षांनी. ज्या जिल्ह्यांचे दफ्तर स्कॅन झाले आहे तिथले जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात, बाकी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. पेशवाईतले कागद हाती असतील तर ‘लग्नटका’ आणि ‘पाटदाम’ हे दोन कर शोधावेत. पहिला लग्नावरचा, दुसरा पाटावरचा.

आहेराच्या वहीतले ५१ रुपये

१९१५ च्या सुमाराला एका शेतकऱ्याने ५१ रुपये आहेर केला असे कोणी लिहिले की वही पुन्हा उघडायला लावावी. जुन्या हिशेबात आकड्यापुढचा एक दंड म्हणजे चार आणे, दोन दंड आठ आणे, तीन दंड बारा आणे. ‘५।’ म्हणजे सव्वापाच रुपये. हाच दंड एक समजला की ५१ होतो, आणि ‘१।’ चे ११. आण्यांची पद्धत १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत चालली; घरगुती वह्यांत त्यानंतरही काही वर्षे. रकमेपेक्षा या वहीचे मोल नावांच्या क्रमात आहे. मामाकडचे लोक एका गटात, आत्याकडचे दुसऱ्या गटात, पुढे त्यांचे गाव. पत्रिकेत वधूचे आजोळ नसते, आहेराच्या वहीत मिळून जाते.

गाव सापडते, जिल्हा सापडत नाही

नोंद ज्या काळची, त्या काळचा जिल्हा शोधा. सिंधुदुर्ग १९८१ पूर्वी रत्नागिरीत होता, जालना त्याच वर्षी वेगळा झाला, लातूर १९८२ मध्ये, पालघर २०१४ मध्ये. रायगडचे नाव कुलाबा होते. धुळे म्हणजे पश्चिम खानदेश, जळगाव पूर्व खानदेश, सांगली १९६० पर्यंत दक्षिण सातारा. मराठवाड्याचे सरकारी कागद निजामी काळात उर्दूत असत, तेव्हा मोडी जाणणाऱ्याबरोबर उर्दू जाणणारा माणूसही शोधावा लागतो.

गोव्याच्या नोंदी वेगळ्या दुनियेतल्या. पोर्तुगीज अमदानीत १९१० च्या विवाह कायद्यानंतर नागरी नोंदणी आली आणि तीत आधी इराद्याची सही, मग काही दिवसांनी पक्की सही. धार्मिक लग्न तिसऱ्याच दिवशी. म्हणून तीन तारखा. नावे पोर्तुगीज वर्णांत : ‘क’साठी क्यू-यू, ‘श’साठी एक्स. शेणवीचे ‘सिनाय’, कामतांचे ‘कामोतिम’, प्रभूंचे ‘पोरोब’ किंवा ‘पोरोबो’. अनुक्रमणिकेत आजच्या इंग्रजी स्पेलिंगने शोधलेत तर घराणे नाहीसेच झाल्यासारखे वाटेल.

कागद हाताळताना लॅमिनेशन, सेलोटेप आणि पुसट अक्षरांवर पेन्सिल फिरवणे या तिन्ही गोष्टी टाळा. खिडकीजवळ, उजेड बाजूने तिरपा पडेल असा ठेवून फोटो काढा. दाबाने उमटलेली अक्षरे वर येतात. आणि मागची बाजू विसरू नका. टपालाने आलेल्या पत्रिकेवर पत्ता असतो, पत्त्यावर तिकीट आणि तिकिटावर शिक्का. शिक्क्यातली तारीख वाचता आली तर शकाचे सगळे गणित तिच्याशी ताडून घेता येते. शिक्का पुसला असला तरी राजाचा चेहरा उरतो : सातवा एडवर्ड असेल तर पत्रिका १९०२ च्या आधीची नाही, पाचवा जॉर्ज असेल तर १९११ च्या आधीची नाही, सहावा जॉर्ज असेल तर १९३७ च्या आधीची नाही.